तळ्याचे ऋण आणि आपले निर्माल्य

एरंडोलजवळच्या पद्मालय क्षेत्राचे नावच मुळी पाण्यावरून पडले आहे. पद्म म्हणजे कमळ, आलय म्हणजे घर. उजव्या व डाव्या सोंडेच्या दोन गणेशमूर्ती तेथे एकाच पीठावर विराजमान आहेत आणि मंदिरापाशी कमळांचे तळे आहे. आपल्या खानदेशात पाऊस जेमतेम पाचशे ते सातशे मिलिमीटर. अशा प्रदेशात देवालयाबरोबर जलाशयही राखणाऱ्या पूर्वजांना पाण्याचे मोल शिकवावे लागले नव्हते. धुळ्याच्या नकाणे व डेडरगाव तलावांचे पाणी त्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या प्यायले आहे. जळगावात विसर्जनाच्या दिवशी मेहरूण तलावाकडे लोटणारा जनसमुदाय पाहिला म्हणजे या पाण्याशी आपला श्रद्धेचा संबंध किती दृढ आहे, ते कळते. तथापि त्या श्रद्धेचा भार पाण्यास कितपत सोसतो, हा प्रश्न मला पडला तो फार उशिरा.

काही वर्षांपूर्वी बोरीकाठच्या एका गावी गणेशोत्सवात दहाही दिवस माझे कीर्तन होते. निर्माल्य पायदळी येऊ देऊ नये, ते जळातच सोडावे, असे मी त्या व्यासपीठावरून मोठ्या आग्रहाने सांगितले. श्रोते भाविक, त्यांनी शब्द खाली पडू दिला नाही. फुले, दूर्वांच्या जुड्या, पत्री, केळीचे खुंट, नैवेद्याचे उरलेले अन्न, सारे गावतळ्यात गेले. अनंत चतुर्दशीनंतर चौथ्या दिवशी पहाटे मी स्नानास गेलो, तो पाण्यावर पांढरे पोट वर करून शेकडो मासे तरंगत होते आणि पाण्याला असह्य दुर्गंधी सुटली होती.

गावच्या शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या गुरुजींनी मला त्याचे कारण समजावून दिले. फुलेपाने पाण्यात कुजू लागली की ती कुजविणारे सूक्ष्म जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वेगाने वापरतात. दिवसा पाणवनस्पती त्याची थोडी भरपाई करतात. रात्री मात्र त्याही प्राणवायूच घेतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वी तळ्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे गुदमरतात ते त्याच घटकेला. ज्या वेळी आपण प्रातःस्मरण म्हणतो, त्या वेळी ते जीव वर येऊन तोंडाने हवा ओढीत असतात! त्या पहाटेनंतर कित्येक दिवस मला निरूपणास बसवेना.

घरी येऊन मी ग्रंथ उघडले. वापी, कूप, तडाग यांची निर्मिती शास्त्रकारांनी पूर्तधर्मात गणिली आहे, हे सर्वश्रुत आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात काशीस ‘भगवंतभास्कर’ हा ग्रंथ रचला. त्यातील उत्सर्गमयूखात जलाशयाच्या उत्सर्गाचा विधी येतो. दान आणि उत्सर्ग यांत भेद आहे. दानात घेणारा कोणी एक असतो. उत्सर्गात कर्ता आपले स्वामित्व सोडतो आणि ते जल सर्व भूतमात्रांचे होते. मासा हाही त्या भूतमात्रांतलाच की! मनूने तर पाण्यात थुंकी व मलमूत्र टाकण्यास स्पष्ट निषेध केला आहे आणि तळे फोडणाऱ्यास देहान्त दंड सांगितला आहे. कौटिल्याची दृष्टी अधिक व्यवहारी. नवे तळे बांधणाऱ्यास पाच वर्षे, मोडकळीस आलेले दुरुस्त करणाऱ्यास चार वर्षे आणि तणाने भरलेले साफ करणाऱ्यास तीन वर्षे तो करमाफी देतो. नुसते तण काढण्यास तीन वर्षांची माफी! आमच्या ग्रामपंचायतींनी हे अर्थशास्त्र एकदा वाचावयास हरकत नाही.

हे तण म्हणजे आज प्रामुख्याने जलपर्णी. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळ्या फुलांना भुलून कोणी ती तळ्यात सोडू नये. पाण्यात खत व सांडपाणी मिसळले की ती पंधरवड्यात दुपटीने वाढते. उपटून काठावर ढीग घातला, तर पहिल्या सरीबरोबर त्याचा कुजका रस पुन्हा तळ्यात उतरतो. म्हणून ती दूर नेऊन कुजवावी. कमळही मर्यादेतच शोभते. पानांनी अर्ध्याहून अधिक पाणी झाकले की खाली उजेड पोचत नाही. तळ्याच्या चढाच्या अंगास गवताचा पट्टा राखावा. वाहून येणारी माती तेथे अडते. उकिरडा पाण्याच्या वाटेवर नसावा, आणि ज्यांच्या केळीबागा वा कापसाची शेते काठाला आहेत त्यांनी युरिया जपून टाकावा, कारण तो अखेर शेवाळच पोसतो. गाळ चैत्र-वैशाखात, पाणी आटल्यावर काढावा. शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, तीही हेच सांगते. मात्र यंत्र हाती आले म्हणून मुरूम लागेपर्यंत खणू नये. तळाचा चिकण थर फुटला तर तळे गळू लागते.

सामायिक पाणी राखणे आपल्याला नवे नाही. पांझरेच्या काठी बंधाऱ्यांवर चालत आलेली फड पद्धत आठवावी. तेथे पाटाची वार्षिक सफाई हे सर्व बागायतदारांचे काम. पाणी घेणाऱ्याने श्रमही द्यावयाचे.

आता उत्सवाविषयी. चतुर्थीचे व्रत मृत्तिकेच्या, म्हणजे पार्थिव मूर्तीचे आहे. उत्तरपूजा झाली की देवत्व स्वस्थानी जाते आणि माती माती उरते. ती तळ्यातच गेली पाहिजे असे नाही. शाडूची मूर्ती घरच्या बादलीत काही तासांत विरघळते. ते पाणी झाडाच्या मुळाशी घालावे. प्लास्टर ऑफ पॅरिस हे भाजलेले जिप्सम. पाणी लागताच ते पुन्हा दगडासारखे घट्ट होते, म्हणून त्या मूर्ती महिनोन्‌महिने भग्नावस्थेत पडून राहतात. रंगांतील विषारी द्रव्ये निराळीच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली आणि पुन्हा २०२० साली याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. ज्या देवतेचे विघ्नहर्ता म्हणून आवाहन केले, तिची भग्न प्रतिमा पुढच्या वैशाखात तळ्याच्या चिखलात दिसावी, हे कोणत्या भक्तास रुचेल?

दुसऱ्या वर्षी त्याच गावी काल्याच्या कीर्तनात मी माझे शब्द परत घेतले. एका वृद्ध माउलीने उठून विचारले की, गेल्या वर्षी आपणच तर उलट सांगितलेत, आता आम्ही खरे कोणते मानावे? मी हात जोडले आणि माशांची गोष्ट सांगितली. देवळामागे एक खड्डा खणून घेतला. दोरे आणि प्लास्टिक काढून निर्माल्य त्यात पडते, वर मातीचा थर दिला जातो, आणि ते खत देवळाच्या जास्वंदीला घालतात. तळ्यात आता मासे दिसतात. थर्माकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली. तरी दोन घरांतून त्याचे मखर गेल्या भाद्रपदातही निघाले. त्या दोन्ही घरी यंदा माझे भोजनाचे निमंत्रण आहे.