भाजणीचं पाकीट छापायच्या आधी हे वाचा

घरची भाजणी कर्जतमध्ये ओळखीत हातोहात खपते. पण तीच खोपोलीच्या दुकानात ठेवायला गेलात की दुकानदार चव बघत नाही, आधी पाकिटाची मागची बाजू बघतो. त्याचंही बरोबर आहे, तपासणी झाली तर त्यालाही उत्तर द्यावं लागतं.

मी हे पैसे घालवून शिकलोय. सुरुवातीला नोंदणीचा नंबर यायच्या आधीच २००० पाकिटं छापली, चार रुपयांना एक. माल परत आला आणि ८००० रुपये पाण्यात! एका पाकिटामागे मला दहा रुपये सुटायचे, म्हणजे ८०० पाकिटांची कमाई गेली. चूक माझीच होती. म्हणून सांगतो, आधी नंबर, मग छपाई.

पाकिटाला मुख्यतः दोन कायदे लागतात.

१. अन्न सुरक्षा कायदा, २००६. फॉसकॉस पोर्टलवर अर्ज करा. घरच्या स्वयंपाकघरालाही नोंदणी मिळते. नोंदणी घ्यायची की परवाना, हे उलाढालीवर ठरतं. मिळालेला १४ अंकी नंबर पाकिटावर हवा. सोबत घटक (वजनाने जास्त असलेला आधी), हिरवी खूण, पोषणमूल्यं, बॅच नंबर, उत्पादनाची आणि टिकण्याची तारीख. भाजणीत गहू असेल तर ॲलर्जीच्या सूचनेत तो वेगळा लिहा.

२. वैधमापनशास्त्राचे २०११ चे नियम. निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन, ईमेल. पाकिटावर ५०० ग्रॅम लिहिलं तर आत ५०० ग्रॅमच हवं, पाकिटाचं वजन त्यात धरायचं नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. नाचणीच्या पाकिटावर ‘डायबेटिस बरा होतो’ असं हौसेनं छापू नका. चुकीच्या लेबलला ३ लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. ‘नाचणीचं पीठ’ एवढं लिहिलं तरी गिऱ्हाईक घेतं.

मग आज काय करायचं? वरची यादी कागदावर उतरवा आणि तुमच्या पाकिटाशी एकेक ओळ ताडून बघा. पहिल्या खेपेला १०० पाकिटंच छापा. दुकानदारानं ठेवून घेतली की मगच मोठी ऑर्डर द्या. नियम डोकेदुखी वाटतात खरे, पण ओळखीच्या चार घरांपलीकडे, अनोळखी गिऱ्हाइकाच्या पिशवीत तुमचा माल त्यांच्यामुळेच जातो.