फुटली, पण पडली नाही!

एक गंमत सांगू? अमेरिकेत शिकागो शहरात विलिस टॉवर नावाची उंचच उंच इमारत आहे. तिच्या 103 व्या मजल्यावर काचेच्या गॅलऱ्या आहेत. भिंती काचेच्या आणि पायाखालची जमीनसुद्धा काचेची! खाली पाहिलं, की थेट 412 मीटरांवर रस्ता. बाप रे!

2014 मध्ये काय झालं, माहितेय? काही पाहुणे त्या काचेवर होते आणि पायाखाली तडेच तडे गेले!

मग? पडले की काय? छे! सगळे सुखरूप! तडे गेले होते ते फक्त सगळ्यात वरच्या संरक्षक थराला. त्याच्या खाली अर्ध्या अर्ध्या इंचाच्या तीन काचा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या होत्या. त्या जशाच्या तशा!

अशा काचेला म्हणतात लॅमिनेटेड काच. तिची करामत बघायचीय? चला स्वयंपाकघरात!

दोन भाजलेले पापड घ्या. एकावर मारा बुक्की. कुर्रम! ताटभर तुकडे! आता दुसऱ्या पापडाच्या पाठीवर सेलोटेपच्या पट्ट्या चिकटवा, अगदी एकीला एक लागून. मारा बुक्की! पापड मोडला, पण तुकडे जागच्या जागी! (हा प्रयोग फक्त पापडावर हं, काचेवर कधीच नाही.)

लॅमिनेटेड काचेत असे निदान दोन ‘पापड’ असतात आणि चिकटपट्टी मधोमध. ही पट्टी म्हणजे पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पापुद्रा. जाडी किती, ओळखा पाहू! एक थर फक्त 0.38 मिलिमीटरचा! दोन थर घातले, तरी एक मिलिमीटर भरत नाही.

पण मध्ये प्लॅस्टिक, मग पलीकडचं दिसतं कसं? मला तर हीच सगळ्यात भारी गोष्ट वाटते. सुरुवातीला हा पापुद्रा चक्क धुरकट असतो! त्याचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवतात. काचा दाबल्या, की मधली हवा त्या बारीक खाचांमधून निसटते. मग काचा जातात एका भल्यामोठ्या पोलादी भांड्यात. आत सुमारे 140 अंश सेल्सिअस तापमान आणि घरच्या कुकरपेक्षा कितीतरी जास्त दाब! पापुद्रा मऊ होतो, काचेला गच्च धरतो आणि धुरकटपणा गायब! आरपार स्वच्छ!

ही युक्ती सुचली कशी? फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस नावाचे एक चित्रकार होते. त्यांना रसायनांचाही नाद! असं सांगतात, की 1903 मध्ये त्यांच्या हातून काचेचा चंबू खाली पडला. तडकला, पण तुकडे विखुरलेच नाहीत! आतलं रसायन वाळून त्याचा पातळ पापुद्रा काचेला चिकटला होता. ते रसायन कापसापासून बनवलेलं होतं बरं का! 1909 मध्ये त्यांनी अशा काचेचं पेटंट घेतलं.

आज ही काच इमारतींमध्ये कुठे कुठे असते? काचेच्या छतात, जिन्याच्या कठड्यात, उंच खिडक्यांत. फुटली, तरी खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर तुकड्यांचा पाऊस पडत नाही. चोराला ती फोडायला खूप वेळ लागतो. रस्त्यावरचे हॉर्न घरात जरा कमी ऐकू येतात. आणि उन्हातले अतिनील किरण? 99 टक्के बाहेरच अडतात, म्हणून पडद्यांचे रंग लवकर विटत नाहीत. एवढासा पापुद्रा, पण कामं किती!

आता मॉलमध्ये किंवा मेट्रो स्टेशनवर काचेचा कठडा दिसला, की त्याची उघडी कड निरखून बघा. हात मात्र लावू नका. कडेच्या मधोमध एक बारीक रेघ दिसली, तर ओळखा, ही लॅमिनेटेड काच! कुठे कुठे सापडली, ते आम्हाला नक्की कळवा!