जीव घाबरतोय? आधी साखर पाहा!

‘डॉक्टरसाहेब, जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, हातपाय कापतात,’ ही तक्रार अजिंठ्यातल्या माझ्या दवाखान्यात नेहमीचीच. रुग्णाला आधीपासून नैराश्याचा आजार असला, की घरचे म्हणतात, ‘मनाचंच आहे.’ पण दर वेळी तसे नसते.

मेंदूला सतत साखर लागते. मधुमेहीच्या रक्तातील साखर ७० च्या खाली घसरली, की शरीर अ‍ॅड्रिनॅलिन सोडते. भीती वाटताना स्रवते तेच हे संप्रेरक. म्हणून धडधड, कंप, दरदरून घाम ही लक्षणे दोन्हीकडे सारखीच.

नैराश्यात भूक मरते, जेवणाच्या वेळा चुकतात. त्यात मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि उपवास घडला, किंवा रिकाम्या पोटी कपाशी वेचायला गेले, तर साखर उतरू शकते. नैराश्यावरील फ्लुऑक्झेटिननेही काहींची साखर आणखी खाली येते. उलट, सततच्या ताणाने कॉर्टिसॉल वाढून साखर चढते. मधुमेहींमध्ये नैराश्य इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, हेही ध्यानात घ्यावे.

एका शेतकरी बाईंना सकाळी अकराच्या सुमारास असाच त्रास होई. घरचे अंगारा लावत. त्याच वेळी बोटातील रक्त तपासले, तर साखर ५४! गोळीची मात्रा कमी केली, न्याहारी सुरू करायला लावली. धडधड थांबली. उदासी मात्र राहिली. तिचे उपचार चालूच ठेवले.

तेव्हा घाबरल्यासारखे झाले, की त्याच क्षणी साखर तपासा. ७० च्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग भाकरी खाऊ घाला. यंत्र नसेल तर मधुमेहीला साखर देऊन टाका, थांबू नका. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा. छातीत दुखत असल्यास हृदयाचा आलेख काढावाच.

साखर ठीक असली, तर मात्र गोड खात बसू नका. मधुमेह नसलेल्यांची साखर क्वचितच इतकी घसरते. तिथे चिंतेवरच उपचार हवेत. नैराश्याच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

मन आणि शरीर एकाच घरात राहतात. एकाचे दुखणे दुसऱ्याच्या माथी मारण्याआधी बोटातला एक थेंब तपासून घ्या.