टॉवेलवरचा कर भरतो कोण?

व्यापारयुद्ध समजून घेताना : लेखांक ४

आयातशुल्क म्हणजे काय, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आज ते सोलापूरच्या टॉवेलला लावून बघू.

सुती टॉवेलवर अमेरिका पूर्वीपासूनच ९.१ टक्के शुल्क घेत होती. ७ ऑगस्ट २०२५ ला भारतीय मालावर आणखी २५ टक्के बसले आणि २७ ऑगस्टला, रशियाचं तेल घेता म्हणून, वर अजून २५. एकूण ५९.१. म्हणजे इथून १०० रुपयांना निघालेला टॉवेल वाहतूक सोडून तिकडे १५९ रुपये १० पैशांना पडू लागला. त्या वेळी पाकिस्तानवर जादा शुल्क होतं १९ टक्के. त्यांचा तसाच टॉवेल १२८ रुपये १० पैशांत.

कागदोपत्री हे पैसे अमेरिकी आयातदार भरतो, मग आपलं काय गेलं? पाकिस्तानी टॉवेलशी बरोबरी करायची तर आपल्याला १०० चा भाव साडेऐंशीवर आणावा लागत होता. आयातदार नेमकं तेच मागत होता. टॉवेलच्या खर्चात मोठा वाटा सुताचा, आणि सूतवाला अमेरिकेकडे बघून भाव ठरवत नाही. विजेचं बिलही घटत नाही. उरते मजुरी. मागावरच्या कामगाराला नगावर पैसे मिळतात. एक पाळी बंद झाली की त्याची कमाई घटली, आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

तरीही सोलापूरच्या पूर्व भागातला एखादा यंत्रमागवाला म्हणेल, ‘आमचा माल कुठे जातो अमेरिकेला?’ त्यात तथ्य आहे. तिथल्या साखळी दुकानांना टॉवेल पुरवण्यात वेलस्पन, ट्रायडंट यांसारखे बडे उद्योग पुढे: अंजार, वापी, बुधनी, बरनाला इथले अवाढव्य कारखाने. पण अमेरिकेत अडलेला त्यांचा माल गोदामात पडून राहणार नव्हता. तो आखातात जाणार, युरोपात जाणार, नाहीतर आपल्याच बाजारात उतरणार होता. ही सोलापूरची गिऱ्हाइकं. बड्या गिरणीने नगामागे चार-दोन रुपये सोडले तर तिचं निभतं, आठ मागांच्या कारखानदाराचं नाही. मला वाटतं, सोलापूरला खरी भीती या आडून बसणाऱ्या माराची होती, आणि निर्यातीच्या आकड्यांत तो दिसणारच नव्हता.

अमेरिकेतल्या घडामोडींची झळ दख्खनला तशी जुनीच. सोलापुरात रेल्वे आली १८६० मध्ये. पुढच्या वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज राहिलं. १८७५ चे सावकारांविरुद्धचे दख्खनचे दंगे त्यानंतरचे.

या वेळी दिल्लीने उपाय म्हणून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवलं; आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. परदेशी कापूस स्वस्त झाला तर सूत उतरेल आणि मागवाल्याला श्वास मिळेल, हा हिशेब. पण ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे मराठवाडा-विदर्भात वेचणीचे दिवस. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला, आणि नेमक्या त्याच वेळी बंदरं मोकळी. सोलापूरच्या मागाला दिलेला दिलासा कोणाच्या खिशातून आला, ते पुढच्या लेखांकात.