गुरांमागे गेलेली शाळा

नवापूरहून रंगावलीच्या काठाने थोडं वर गेलं की एक मुलगा शेळ्यांमागे हिंडताना दिसतो. वय असेल अकरा-बारा. बोलतो अगदी मोजकं, तेही मावचीत. वर्गात एका जागी बसणं त्याला कधी जमलंच नाही. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की तो दोन्ही कान गच्च दाबून बाहेर पळायचा. हळूहळू शाळा सुटली. नाव पटावर, पोर शिवारात. एकवीस शेळ्यांतली एक झुडपामागे राहिली, तर मात्र ते त्याला न मोजता कळतं.

त्याला पाहिलं की मला कोसबाडची कुरणशाळा आठवते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर पोचवला. बोर्डीत दहा-बारा वर्षं झाल्यावर काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे अंगणही पुरेना. वारली घरांतली जरा मोठी मुलं सकाळीच गुरं घेऊन रानात जात. ती गेली नाहीत तर घरचं काम अडे. मग शिक्षणच कुरणावर गेलं. गुरं चरताहेत तोवर गोष्ट, गाणं, मोजणी, अक्षरओळख.

ताराबाई मॉन्टेसरी पद्धतीत मुरलेल्या. पण ती महागडी साधनं पाड्यावर कुठून येणार? खडे, बिया, पानं, शिंपले, माती हीच साधनं झाली. हे नाइलाजाने केलेलं काम होतं असं मला वाटत नाही. चिंचोक्याला वजन असतं, गुळगुळीतपणा असतो. तो मुठीत धरता येतो. फळ्यावरचा पाच नुसता दिसतो, चिंचोक्यांचे पाच हाताला लागतात. शब्दांपेक्षा स्पर्शावर ज्याचा भरवसा जास्त, अशा मुलासाठी हा फरक फार मोठा आहे.

कुरणशाळा स्वमग्न किंवा अतिचंचल मुलांसाठी निघाली नव्हती. तिथल्या मुलांना गरिबीने अडवलं होतं. आमच्या या मुलाला वर्गाचा गोंगाट, बाकाची सक्ती आणि अनोळखी भाषा या तिन्हींनी मिळून बाहेर काढलं. घरी मावची, शाळेत मराठी; मुळात उशिरा बोलू लागलेल्या पोराने कोणत्या भाषेत उत्तर द्यायचं? रानात आवाज एकेक करून येतात. चालायला मनाई नसते. त्याच त्या वाटेने रोज जाता येतं, आणि ठरलेली वाट अशा मुलाला केवढा आधार देते, हे त्याच्या आईला विचारावं.

तरीही त्याला शेळ्यांमागे सोडून देणं म्हणजे निसर्गशिक्षण, असं कुणी म्हणू लागलं तर मला ते सहन होणार नाही. ती हेळसांड झाली. कोसबाडला कुरण आधीपासूनच होतं. शाळा झाली ती कुणीतरी रोज तिथवर चालत गेल्यामुळे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. म्हणजे तपासणी, वाचा-उपचार, विशेष शिक्षक हे या मुलाला उपकार म्हणून नव्हे, हक्काने मिळायचं आहे.

परवा त्याच्याजवळ तासभर बसले. चिंचोके पुढे ठेवले, काही बोलले नाही. बराच वेळ त्याने पाहिलंही नाही. मग एकेक उचलून दगडावर ओळीने मांडत गेला. वीस झाले आणि तो थांबला. उठून टेकाडाकडे पाहिलं, झुडपात शिरला, गाभण शेळीला हाकत खाली आणलं. परत येऊन एकविसावा चिंचोका ओळीत ठेवला, बाकीच्यांपासून जरासा दूर.