लपलेल्या ताऱ्याची नोंद

श्रावणात आमच्या शेतावर एखादा सुटा ढग येतो आणि त्याची सावली बांधाबांधावरून पळत जाते. वडील एका बांधावर, आत्या दुसऱ्यावर. एकाला सावली मिळते, दुसरा उन्हातच राहतो. लघुग्रहाचे पिधान म्हणजे जवळपास हेच, हे समजले तेव्हा कला शाखेच्या मला या विषयाची भीती उरली नाही.

मंगळ व गुरू यांच्या दरम्यान लाखो लघुग्रह फिरतात. बहुतेक दुर्बिणींतून ते ठिपक्यासारखेच दिसतात. आकार कळत नाही. पण एखादा लघुग्रह दूरच्या ताऱ्यापुढे आला, की ताऱ्याचा प्रकाश अडतो आणि लघुग्रहाची सावली पृथ्वीवरून धावते. तारा अतिदूर असल्याने त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. म्हणून सावलीची रुंदी लघुग्रहाएवढीच असते. त्या पट्ट्यात उभ्या असलेल्या माणसाला तारा काही सेकंद विझलेला दिसतो.

तारा केव्हा गेला व केव्हा परतला, हे सेकंदाच्या अंशापर्यंत टिपायचे. सावलीचा वेग गणिताने ठाऊक असतो. त्याला या वेळेने गुणले की लघुग्रहावरची एक रेघ हाती येते. पट्ट्याच्या आडव्या दिशेने, काही अंतरावर उभ्या राहिलेल्या निरीक्षकांच्या रेघा एकाखाली एक मांडल्या की आकृती तयार! तारा तेजस्वी असेल तर लहान दुर्बीणही पुरते. २९ मे १९८३ रोजी पॅलास हा लघुग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणाऱ्या एका ताऱ्यापुढून गेला, तेव्हा अमेरिकेत व आसपास सुमारे १३० ठिकाणांहून नोंदी झाल्या. त्यांत हौशी मंडळी पुष्कळ होती.

मी स्वतः अजून पिधान पाहिलेले नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, सुट्टीत घरी गेलो की आजी विचारते, “काय मिळालं रे तिथं?” पुष्कळदा उत्तर सुचत नाही. म्हणूनच की काय, ज्याला तारा लपलेला दिसला नाही त्याचीही नोंद येथे घेतात, ही गोष्ट मला फार आवडली. लघुग्रहाची कड त्याच्या अलीकडेच संपली, एवढे तरी त्यावरून ठरते.

नेपच्यूनपलीकडच्या अॅरोकॉथ या लहानशा पिंडासाठी ३ जून २०१७ रोजी अर्जेंटिना व दक्षिण आफ्रिकेत दुर्बिणी मांडल्या, पण कोणालाच पिधान दिसले नाही. १७ जुलैला अर्जेंटिनात पुन्हा २४ दुर्बिणी उभ्या राहिल्या. तिकडे तेव्हा हिवाळा. वारा अडवायला ट्रक आडवे लावले, जवळच्या शहराने रस्त्यावरचे दिवे मालवले. पाच दुर्बिणींत तारा क्षणभर लपला आणि त्या पाच रेघांवरून पिंड दोन गोळे चिकटल्यासारखा असावा असा तर्क निघाला. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान जवळून गेले, तेव्हा तो खरा ठरला. बाकीच्या दुर्बिणींत तारा तसाच तेवत राहिला होता, आणि त्या थंडीत उभ्या असलेल्यांनी तेवढेच लिहून दिले होते.