दुसरी सीडी लावा रे!

गौरी-गणपतीच्या जागरणाला अलिबागकडच्या आमच्या वाडीत टीव्ही माजघरातून पडवीत यायचा आणि त्याच्यासोबत भाड्याचा सीडी प्लेअर. सिनेमा दोन, कधी तीन सीडींवर. एक संपली की चहा फिरायचा, कुणीतरी दुसरी बनियनला पुसून लावायचं. ऐन रंगात चित्राचे चौकोन-चौकोन होऊन नायक थिजला, की पुन्हा बनियन.

परवा त्यातलीच एक सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली. सिनेमाच्या फोल्डरशेजारी आणखी एक इवलासा फोल्डर होता. नाव ‘सीडीआय’. एका बुडालेल्या खेळयंत्राची ती खूण.

फिलिप्सने १९९१ साली अमेरिकेत सीडी-आय आणलं. टीव्हीला जोडायचं आणि गेम, ज्ञानकोश, गाणी, सगळं एकाच पेटीत. निन्टेन्डोशी झालेल्या करारातून मारिओ आणि झेल्डाही मिळाले, पण ते गेम इतके कच्चे होते की आजही त्यांची टर उडवली जाते. पेटी महाग, आणि पूर्ण पडद्यावर सिनेमा बघायचा तर वेगळं कार्ट्रिज घ्यायचं. मला विचाराल तर, हे यंत्र नक्की कशासाठी घ्यायचं, हेच गिऱ्हाइकाला कळलं नाही. पुढे सोनीचं प्लेस्टेशन आलं आणि नव्वदचं दशक सरता सरता सीडी-आय बंद पडलं.

पण १९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी व्हिडिओ सीडीचे नियम ठरवले, तेव्हा ही सीडी सीडी-आयवरही चालावी अशी सोय ठेवली. त्या फोल्डरात त्यासाठीचाच छोटा प्रोग्रॅम असतो.

गाण्यांच्या साध्या सीडीवर ७४ मिनिटांचा सिनेमा मावतो, कारण प्रत्येक चित्र अख्खं साठवलेलं नसतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मधल्यांसाठी फक्त काय हललं, काय बदललं याची नोंद, तीही चौकोनी तुकड्यांत. ओरखड्याने ती नोंद वाचता आली नाही, की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत चूक पुढे-पुढे ओढली जाते. नायकाच्या तोंडाचे चौकोन व्हायचे ते यामुळे.

पडवीतल्या त्या प्लेअरला ‘सीडीआय’ फोल्डरची गरजच नव्हती. तो सरळ शेजारच्या फोल्डरातला सिनेमा उचलायचा, आणि पहाटेपर्यंत वाडी जागी राहायची.